स्टॅलिनकाळातली चित्रं: हात इतका तयार असूनही त्यांना प्रचार का म्हणायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सोव्हिएत समाजवादी वास्तववादी चित्रांतलं ड्रॉइंग, रंग आणि उजेड बघून थक्क व्हायला होतं. मग त्यांना सरसकट सरकारी प्रचार म्हणणं अन्यायाचं नाही का? चित्रकारांवर खरोखरच जबरदस्ती होती का? आणि आज चित्रकला शिकणाऱ्याने ही चित्रं अभ्यासाला घ्यावीत का?

मी तैलरंगात पोर्ट्रेट करतो, विद्यार्थ्यांना कॉम्पोझिशन शिकवतो आणि या काळातली चित्रं बरीच वर्षं बघत आलो आहे. त्यामुळे उत्तर राजकारणाच्या बाजूने न देता कॅनव्हासच्या बाजूने देतो. कौशल्य खरं आहे आणि प्रचारही खरा आहे. मला तर वाटतं, या चित्रांतला प्रचार कळायचा असेल तर आधी त्यांचं कौशल्य मान्य करावं लागतं. कच्च्या हाताच्या चित्राने कुणाचाच विश्वास बसला नसता. सत्तेला उत्तम चित्रकार हवे होते आणि तिने ते मिळवले.

कसे मिळवले, हे आधी बघू. १९२० च्या दशकात मॉस्को आणि लेनिनग्राडमध्ये चित्रकारांचे कितीतरी गट होते. कुणी जुन्या धाटणीचं वास्तव रंगवत होते, कुणी भौमितिक आकारांत काम करत होते, कुणी फोटो कापून पोस्टर करत होते. गटागटांत कडाक्याची भांडणं चालायची. २३ एप्रिल १९३२ रोजी कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीने एक ठराव करून हे सगळे गट बरखास्त केले आणि प्रत्येक कलेसाठी एकच संघटना ठरवली. दोन वर्षांनी, १९३४ मध्ये, लेखकांच्या पहिल्या अधिवेशनात पक्षाचा सचिव झ्दानोव्हने समाजवादी वास्तववादाचं सूत्र सांगितलं: वास्तव दाखवा, पण 'त्याच्या क्रांतिकारी विकासात' दाखवा. हे सूत्र लेखकांसमोर मांडलं गेलं, पण लागू सगळ्यांनाच झालं.

चित्रकाराच्या भाषेत याचा अर्थ असा की समोर जे दिसतंय ते रंगवायचं नाही, ते उद्या जसं होणार आहे असं पक्ष म्हणतो तसं रंगवायचं. आणि रंगवायचं मात्र अशा पद्धतीने की ते आत्ता, इथे, डोळ्यांसमोर घडतंय असं वाटावं. माझ्या मते या सगळ्या चित्रांचं मर्म इथे आहे. भविष्य रंगवण्यात खोटं काही नसतं, कल्पनाचित्रं सगळेच करतात. पण भविष्याला वर्तमानाची सावली, वर्तमानाची धूळ आणि कपड्यांच्या खऱ्या चुण्या दिल्या की बघणाऱ्याच्या मनात साक्षीपुरावा तयार होतो. अमूर्त चित्राला हे जमत नाही. म्हणून सत्तेने अकादमिक शैली निवडली, एकोणिसाव्या शतकातला रशियन वास्तववादी चित्रकार रेपिन याच्या परंपरेतली. रेपिनच्या पिढीने हीच शैली झारच्या रशियातली दैना दाखवायला वापरली होती.

आता जबरदस्तीचं. डोक्याला बंदूक लावून कुणाकडून स्टॅलिनचं पोर्ट्रेट करून घेतलं असं चित्र डोळ्यांसमोर असेल तर ते काढून टाका. व्यवहार साधा होता. खासगी गॅलरी नाहीत, खासगी खरेदीदार जवळपास नाहीत. स्टुडिओ संघटना देणार, रंग आणि कॅनव्हास संघटनेमार्फत मिळणार, काम कलाकारांच्या सरकारी छत्राखालच्या सहकारी संस्थेकडून करारावर मिळणार. करारात विषय ठरलेला आणि दरमहा पैसे. कारखाना, धरण किंवा सामूहिक शेतावर जाऊन स्केचेस करायला प्रवासखर्चही मिळायचा. मग समिती स्केच बघणार, अर्धं झालेलं चित्र बघणार, पूर्ण झालेलं बघणार. ऑर्डरवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, गिऱ्हाईक सूचना करतं तेव्हा आपण थोडं ऐकतो, थोडं टाळतो आणि अगदीच पटलं नाही तर काम सोडून देतो. अख्ख्या देशात गिऱ्हाईक एकच असेल तर सोडून देण्याची वाटच बंद होते. मग समितीने सांगण्याआधी हात आपोआप वळायला लागतो. चित्रकाराचं सर्वांत मोठं नुकसान मला यातच दिसतं.

दुसऱ्या बाजूला मानमरातबही भरपूर होता. इसाक ब्रॉडस्की हा रेपिनचा विद्यार्थी. 'स्मोल्नीमधला लेनिन' हे १९३० चं त्याचं गाजलेलं चित्र. १९३४ मध्ये 'ऑर्डर ऑफ लेनिन' मिळवणारा तो पहिला चित्रकार ठरला आणि लेनिनग्राडच्या कला अकादमीचा प्रमुखही झाला. १९४१ पासून स्टॅलिन पारितोषिकं सुरू झाली. पहिल्या श्रेणीचं पारितोषिक एक लाख रुबलचं होतं.

आणि भीती? ती होतीच, पण ती सरळ रेषेत चालत नव्हती. गुस्ताव क्लुत्सिसने फोटो कापून जोडण्याच्या फोटोमोंटाज पद्धतीने पंचवार्षिक योजनेची आणि स्टॅलिनची जबरदस्त पोस्टर्स केली होती. प्रचारचित्राची भाषा घडवणाऱ्यांत त्याचं नाव पहिल्या फळीत येतं. तो जन्माने लात्वियन होता. लात्वियन लोकांविरुद्धच्या मोहिमेत त्याला पकडलं आणि २६ फेब्रुवारी १९३८ रोजी गोळी घातली. अलेक्सांद्र द्रेविन हा दुसरा लात्वियन चित्रकार, अत्यंत तरल निसर्गचित्रं करणारा. तोही त्याच दिवशी मारला गेला. युक्रेनमध्ये मिखाइलो बोयचुकने भित्तिचित्रांची स्वतंत्र शाळा उभी केली होती. त्याला जुलै १९३७ मध्ये गोळी घातली, पत्नी सोफियाला त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, आणि भिंतींवरची त्यांची कामं नष्ट केली. क्लुत्सिसची निष्ठा त्याच्या कामी आली नाही, हे बाकीच्या चित्रकारांनी पाहिलं. अशा हवेत समितीला फार बोलावं लागत नाही.

आता एक चित्र जवळून बघू. अलेक्सांद्र गेरासिमोव्हचं 'क्रेमलिनमध्ये स्टॅलिन आणि वोरोशिलोव्ह', १९३८. मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयात आहे. साधारण तीन मीटर उंच आणि जवळपास चार मीटर रुंद. फोटोत बघून याचा अंदाज येत नाही. समोर उभं राहिलं की आकृत्या आपल्यापेक्षा मोठ्या आहेत हे आधी शरीराला कळतं आणि मग डोळ्यांना. नुकताच पाऊस पडून गेलाय. दगडी फरसबंदी ओली आहे, तीत पायांची प्रतिबिंबं लांब ओघळली आहेत. एक जण लांब राखाडी कोटात, दुसरा लष्करी गणवेशात. मागे कठडा, बुरूज, खाली नदी आणि शहर. आकाशात ढग फाटू लागलेत.

क्षितिजरेषा बघा. दोघांची डोकी तिच्या बरीच वर, थेट आकाशावर आली आहेत. शहर, नदी, माणसं हे सगळं त्यांच्या खांद्याच्या खाली राहतं. चालणारी माणसं रंगाच्या ठिपक्यांएवढी. आकृत्यांच्या कडा घट्ट आहेत, मागच्या शहराच्या कडा दमट हवेत विरघळल्या आहेत. सगळं चित्र थंड राखाडी-निळ्या टोनमध्ये ठेवून आकाशात तेवढी उबेची फट ठेवली आहे. वादळ येऊन गेलं, हे दोघे होते म्हणून तुम्ही सुखरूप आहात, असं एकही अक्षर न लिहिता चित्र सांगतं. आणि हे १९३८ साल आहे. १९३७ आणि १९३८ या दोन वर्षांत सोव्हिएत अभिलेखांनुसारच सुमारे ६ लाख ८० हजार लोकांना मृत्युदंड दिला गेला. वोरोशिलोव्ह संरक्षणमंत्री होता. १९३५ मध्ये नेमलेल्या पाच मार्शलांपैकी तिघांना १९३९ च्या सुरुवातीपर्यंत संपवलं गेलं, उरलेल्या दोघांतला एक हा.

पण या चित्रातली खरी अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळी आहे. याच गेरासिमोव्हने १९३५ मध्ये आपल्या गावच्या घराचा ओला व्हरांडा रंगवला होता. टेबल, फुलं, पावसाने चकाकणाऱ्या लाकडी फळ्या, मागे भिजलेली बाग. माणूस नाही, झेंडा नाही. ओल्या पृष्ठभागावरचा उजेड कसा पकडावा हे शिकायचं असेल तर मी विद्यार्थ्यांना तेच चित्र दाखवतो. तीन वर्षांनी तोच ओला उजेड, तेच ब्रशचे लांब फटकारे त्याने क्रेमलिनच्या फरशीवर नेले. घरच्या व्हरांड्यात प्रेमाने कमावलेली नजर त्याने स्टॅलिनच्या पायाखाली अंथरली. हा माणूस पुढे १९४७ मध्ये सोव्हिएत कला अकादमीचा पहिला अध्यक्ष झाला आणि इतरांच्या चित्रांत 'इंप्रेशनिझम' (क्षणाचा उजेड सैल फटकाऱ्यांत पकडणारी फ्रेंच शैली) शोधून त्यांना झोडपण्यात पुढे राहिला. त्याच्या व्हरांड्याचं चित्र स्वतः किती इंप्रेशनिस्ट आहे, हे त्याला नक्कीच कळत असणार.

नेहमी नेताच चित्रात असतो असं नाही. यूरी पिमेनोव्हचं 'नवी मॉस्को', १९३७. उघडी मोटार, ती चालवणारी केस कापलेली तरुणी पाठमोरी, समोर पावसाळी रस्ता, गर्दी, नव्याने उभ्या राहिलेल्या टोलेजंग सरकारी इमारती. गुलाबी-जांभळट, हलक्या हाताने केलेलं काम आहे. प्रेक्षकाला पिमेनोव्हने मोटारीच्या मागच्या सीटवर बसवलंय. आपण आत बसलोय, कुणीतरी आपल्याला नव्या शहरात घेऊन चाललंय. खासगी मोटार म्हणजे सामान्य माणसाला स्वप्नवत गोष्ट असताना! प्रचार असाही मवाळ, सुगंधी असू शकतो, आणि माझ्या अनुभवाने हाच प्रकार जास्त काळ टिकतो. स्टॅलिनची पोर्ट्रेट्स तळघरात गेली, हे चित्र आजही लोक आवडीने बघतात.

आता भाकरीकडे येतो, कारण सर्वांत मोठं खोटं तिथे आहे. १९३२-३३ मध्ये सक्तीच्या धान्यवसुलीने दुष्काळ पडला. एकट्या युक्रेनमध्ये ३५ ते ४० लाख माणसं मेली. त्यानंतर चार वर्षांनी, १९३७ मध्ये, अर्कादी प्लास्तोव्हने 'सामूहिक शेतावरचा सण' रंगवला. लांब टेबल, खाण्याचे ढीग, समोवार, दाटीवाटीने बसलेली हसरी माणसं, वर स्टॅलिनचा फोटो आणि 'जगणं सुधारलं, जगणं आनंदी झालं' या अर्थाची त्याचीच घोषणा. त्याच वर्षी त्याच विषयावर सेर्गेई गेरासिमोव्हचंही चित्र आलं. हा वरच्या गेरासिमोव्हहून वेगळा चित्रकार. विषय वरून आला होता, हे यावरूनच कळतं.

१९४६-४७ मध्ये पुन्हा दुष्काळ पडला, पुन्हा लाखो माणसं गेली. १९४९ मध्ये कीवच्या तात्याना याब्लोन्स्कायाने 'धान्य' हे चित्र केलं. जवळपास पावणेचार मीटर रुंद. खळ्यावर गव्हाच्या राशी, पोती, आणि भरदार शरीराच्या बायका. मधोमध एक हसतमुख बाई अस्तनी मागे सारतेय. याब्लोन्स्कायाला आधीच्या एका चित्रावरून 'इंप्रेशनिस्ट' म्हणून टीका सोसावी लागली होती. त्यानंतर ती युक्रेनमधल्या एका सामूहिक शेतावर जाऊन राहिली, तिथल्या बायकांची भरपूर स्केचेस केली आणि मग हे चित्र आलं. त्याला १९५० मध्ये स्टॅलिन पारितोषिक मिळालं.

हे चित्र मला सहज बाजूला सारता येत नाही. त्या बायका खऱ्या आहेत. खांद्याचं वजन, फावड्यावरची पकड, उन्हाने भाजलेले हात, गव्हाच्या राशीवरचा पिवळा, नारिंगी आणि जांभळ्या सावलीचा खेळ, यातलं काहीच समितीने सांगून येत नाही. श्रमाविषयीचा आदर तिच्या ब्रशमध्ये आहे. खोटं आहे ते राशीबद्दल. हे धान्य कुणाचं, ते कुठे जाणार, पिकवणारीच्या घरी किती पोचणार, हे प्रश्न चित्राच्या चौकटीत येऊच शकत नाहीत. एकेक तपशील खरा, पण त्यांची जुळणी अशी की जे घडलं त्याची आठवणच पुसली जावी.

याच्या शेजारी मी चित्तप्रसाद यांची कामं ठेवतो. ते बंगालचे, पण आयुष्याचा मोठा काळ मुंबईत, अंधेरीला राहिले. कम्युनिस्ट पक्षाचं काम करत १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात ते गावोगाव फिरले आणि काळ्या शाईने भुकेली माणसं काढली. त्या चित्रांची पुस्तिका ब्रिटिश सरकारने जप्त करून नष्ट केली. विचारसरणी तीच, दशकभराच्या आतबाहेरचा काळ. पण चित्तप्रसाद यांच्यासमोर सत्ता दुसऱ्याची होती, म्हणून भूक काढता आली. जिथे पक्षच सत्ता होता तिथे भूक काढणं म्हणजे गुन्हा. समाजवादी विचार आणि समाजवादी वास्तववाद या दोन गोष्टींची गल्लत करणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो.

मुंबईतलं आणखी एक उदाहरण इथे लागू पडतं. गोव्यातल्या साळगावात जन्मलेले फ्रान्सिस न्यूटन सूझा १९४० च्या दशकात मुंबईत कम्युनिस्ट पक्षात होते आणि कामगारवस्तीची चित्रं करत होते. पुढे त्यांनी पक्ष सोडला. कारण त्यांनीच सांगून ठेवलंय: असं रंगव, तसं रंगव, हे त्यांना ऐकायचं नव्हतं. इथे सोडून देता आलं. पक्ष सोडला तरी स्टुडिओ, रंग, गिऱ्हाईक शिल्लक होतं.

हे सगळं सांगताना एक गोष्ट विसरू नये: लोकांना यातली काही चित्रं मनापासून आवडत होती. अलेक्सांद्र लाक्तिओनोव्हचं 'आघाडीवरून आलेलं पत्र', १९४७. उन्हाने न्हालेलं दार, पत्र वाचणारा मुलगा, ऐकणारी घरची माणसं, आणि पत्र घेऊन आलेला जखमी सैनिक. पायाखालच्या फळ्या झिजलेल्या, मोडक्या. त्या फळ्यांवरून आक्षेप घेतला गेला, सोव्हिएत घर इतकं दरिद्री कसं म्हणून. युद्धात घरचं माणूस गमावलेल्या लाखो कुटुंबांना मात्र तो उंबरठा आपलाच वाटला. नंतर त्यालाही स्टॅलिन पारितोषिक मिळालं. त्या फळ्यांमुळेच ते चित्र आज टिकलंय असं मला वाटतं.

स्टॅलिन ५ मार्च १९५३ रोजी वारला, १९५६ मध्ये त्याच्यानंतर पक्षाचा प्रमुख झालेल्या ख्रुश्चेव्हने पक्षाच्या अधिवेशनातल्या बंद बैठकीत त्याच्यावर टीका केली आणि चित्रं गोदामात जायला लागली. व्लादिमीर सेरोव्हचं 'लेनिन सोव्हिएत सत्तेची घोषणा करतो' हे १९४७ चं. लेनिनच्या मागे स्टॅलिन, स्वेर्दलोव्ह आणि झेर्झिन्स्की हे पक्षनेते उभे. १९६२ मध्ये सेरोव्हनेच हे चित्र पुन्हा केलं आणि त्या तिघांच्या जागी कामगार आणि सैनिक आणले. प्रसंग तोच, १९१७ चा. चीनमध्ये दोंग शीवेन यांचं 'राष्ट्राच्या स्थापनेचा सोहळा' हे १९५३ चं चित्र तर नेते मर्जीतून उतरतील तसतसं बदललं गेलं. आधी गाओ गांग यांना काढून तिथे आकाश आणि फुलं भरली, सांस्कृतिक क्रांतीत ल्यू शाओची यांची पाळी आली. हे चित्रकार एरवी पुराव्याइतकं काटेकोर वास्तव रंगवायचे. तेच वास्तव असं खोडता येतं म्हणजे पुरावा किती पातळ होता ते दिसतं.

शेवटचा प्रश्न, अभ्यासाचा. जरूर करा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या अकादमिक वळणात तयार झालेल्या आपल्या डोळ्यांना ही भाषा परकी नाही. जुन्या पिढीने ती सोव्हिएत मासिकांच्या पानांवर पाहिलेलीही आहे. पण प्रत्येक चित्राचं साल आधी बघा आणि त्या साली त्या देशात काय चाललं होतं ते वाचा. मग चित्रात काय नाही ते दिसायला लागतं. प्लास्तोव्हचं १९४५ चं 'गवतकापणी' घ्या. बर्चची झाडं, उन्हात उतू जाणारी फुलं, आणि विळे चालवणारे कोण? म्हातारे, एक बाई, एक पोरगा. तरणे पुरुष नाहीत, ते युद्धात गेले. घोषणा नाही, फोटो नाही, आणि त्या वर्षाचं सत्य मात्र आहे. रंगाचा सराव करायचा तर या चित्रातला खालचा फुलांचा पट्टा कॉपी करा, पॅलेटवर एकही हिरवा तयार ट्यूबमधून थेट न घेता.

कॉम्पोझिशनसाठी गेरासिमोव्हचं क्रेमलिन घ्या आणि त्याची तळहाताएवढी दोन स्केचेस करा. पहिल्यात क्षितिजरेषा आहे तिथे ठेवा. दुसऱ्यात ती दोघांच्या डोक्यांच्या वर चढवा, शहर आणि माणसं मोठी करा, आकृत्यांच्या कडा सैल सोडा. दोन्ही शेजारी ठेवून बघा, त्या दोघांची उंची कशातून आली होती ते तुमच्या हातालाच कळेल.